बॅटरीची वीज चढत नाही

ट्रान्सफॉर्मरमधून धूर निघाला, तेव्हा आडोमाको मिस्तरीने तो चुलीचा आहे असं सांगून पाहिलं. पण घानातल्या कुमासी शहराच्या त्या गल्लीत चूल नव्हतीच.

"जळला ना?" पोमामावशीने विचारलं.

मावशीची लांब खेड्यात फुफूची, म्हणजे उखळात कांडलेल्या कंदाच्या गोळ्यांची, खानावळ. तिथे विजेच्या तारा नव्हत्या. छपरावर सोलर आणि खाली बॅटऱ्या. बॅटऱ्यांत व्होल्ट बारा, फ्रीझरला हवेत दोनशे तीस. मासळी रोज नासत होती. "बाराचे दोनशे तीस? उद्या न्या!" मिस्तरीने गल्लीदेखत सांगून टाकलं होतं.

सांगणारच. चाळीस वर्षं तो लोखंडावर तांब्याची तार गुंडाळत होता. इकडे वेढे कमी, तिकडे जास्त, की व्होल्ट चढलेच. त्याच्या एका ट्रान्सफॉर्मरच्या गुणगुणीने शेजारची कोंबडी तीन आठवडे नारळ उबवत बसली होती. पिल्लू निघालं नाही, एवढंच.

"आणखी वेढे घाला की!" समोरून बादू ओरडला. तो इन्व्हर्टर विकायचा. मिस्तरी त्याला खोकेवाला म्हणे.

वेढे तीनदा वाढवून झाले होते. बॅटरी जोडताना मीटरचा काटा एकदा उडे, काढताना एकदा. मधे ढिम्म. नुसती तार तापायची.

मिस्तरीने मीटर पुढ्यात ओढला.

"मावशी, मुसळ उखळात नुसतं दाबून धरलं, तर फुफू होईल?"

"कसं होईल? वरखाली नको व्हायला?"

"तारांवरची वीज तशी वरखाली होते, सेकंदाला पन्नासदा. ती हलते म्हणून पलीकडच्या वेढ्यांत वीज उठते. बॅटरीची दाबून धरल्यासारखी, एकाच दिशेने. मी जन्मभर उखळं घडवली, मावशी. कांडणारं दुसरंच कुणी होतं."

"म्हणजे तुम्हाला नाही जमत?"

पुढच्या आठवड्यात या, असं म्हणता आलं असतं. गल्ली कान देऊन होती.

"नाही जमत," मिस्तरी मोठ्याने म्हणाला आणि बॅटरी उचलून स्वतः रस्ता ओलांडून गेला. "बादू, हिची वीज हलवून दे."

बादूच्या ओठांवर आलेला टोमणा तिथेच विरला. त्याने स्टूल पुसून पुढे केलं, एक इन्व्हर्टर उघडला. "हलवते ती ही सर्किटची पाटी. मग चढवतो तो हा."

मुठीत मावेल एवढा ट्रान्सफॉर्मर. मिस्तरीने चष्मा लावला.

"वेढे कुणी घातले?"

"यंत्राने."

मिस्तरीने नख हळूच तारेवरून फिरवलं.

"बरे घातलेत," तो म्हणाला.