बांधलेला अंगठा

“तीर तो चलावशो ने, हिलालभाई?”

बाण मारून दाखवाल ना, हे मेळावा भरवणाऱ्या प्रफुल्लभाईंनी सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं आणि तिसऱ्यांदा त्यांची नजर हिलालच्या उजव्या हाताकडे गेली. हिलालने मान हलवली. होकाराची की नकाराची, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. मांडीवर आडवी धरलेली कामठी तो विळ्याने तासत राहिला.

कामठी म्हणजे हिलालच्या गावाकडचं धनुष्य. ते बांबूचं आणि त्याची दोरीही बांबूचीच, पातळ तासलेल्या पट्टीची. सुरतेतल्या कतारगामच्या एका शाळेच्या मैदानावर आज जुन्या हुन्नरांचा मेळावा होता. एकीकडे लाकडावर लाकूड घासून विस्तव काढत होते, दुसरीकडे कुणी अंबाडीचा दोर वळत होतं, पण गर्दी जमली होती ती हिलालभोवती. पोरं तर त्याच्या अंगावर रेलून बघत होती. बांबूचे छिलके उडत होते आणि हिलालचा जीव टांगणीला लागला होता.

हे सगळं जुळवून आणलं होतं त्याच्या मुलीने, मयुरीने. ती साड्यांच्या दुकानात बसून मोबाइलवर ऑर्डरी घ्यायची. प्रफुल्लभाईंचं मंडळ तिला तिथेच सापडलं. शाळाशाळांतून पोरांना तिरंदाजी शिकवायला त्यांना कायमचा माणूस हवा होता. माझे पप्पा कामठी बनवतात आणि चालवतातही, असं मयुरीने कळवून टाकलं. खोटं त्यात काही नव्हतं. फक्त हाताचं तेवढं ती बोलली नाही.

प्रफुल्लभाई माणूस वाईट नव्हते. आज सकाळी हात पाहिल्यावरही त्यांनी हिलालला परत पाठवलं नाही. पण जो शिकवणार त्याला स्वतःला नेम मारता आला पाहिजे, समोर पोरांचे आईबाप बसले आहेत, शाळेचे लोक बसले आहेत, एवढं त्यांचं साधं म्हणणं होतं. त्यात खोट काढायला जागा नव्हती. नेम लागला तर काम हिलालचं, नाहीतर चहा पिऊन पांडेसऱ्याला घरी परत.

पांडेसऱ्यात परतून करायचं काय, हाच तर प्रश्न होता. रंगाच्या एका मिलमध्ये ओलं कापड पिळणाऱ्या रोलरने त्याच्या उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं नेली, तेव्हापासून तो घरीच होता. वॉचमनच्या कामाला गेला तरी लोक तोंडाआधी हात बघायचे. हाताला काम नसलेला माणूस घरात किती जागा अडवतो, हे त्याला आता कळायला लागलं होतं. त्याची बायको सरलाबाई त्याला कधी बोलली नाही. ती बोलली असती तर बरं, असं त्याला वाटायचं.

बरं, बोटं गेली तीही नेमकी कोणती? सातपुड्याच्या पायथ्याच्या त्याच्या गावात भिल्लाचं पोर बाण ओढतं ते त्याच दोन बोटांनी. बाणाला अंगठा लावायचा नाही. हिलालच्या बापाने, धुडकूने, त्याला शिकवताना आधी चिंधीने त्याचा अंगठा तळव्याशी बांधून टाकला होता. आपल्यातल्या एकाने तो फार पूर्वी देऊन टाकलाय, म्हातारा सांगायचा, आणि दिलेली चीज परत वापरायची नसते. पुढे अंगठा न बांधताही आपोआप तळव्यात जाऊन बसू लागला. आता त्या हाताला बोटं नव्हती आणि अंगठा होता. रोलरला काय कळतं म्हणा.

डाव्या हाताने जमतं का, तेही त्याने पाहून झालं होतं. खाडीच्या काठाला जाऊन, कुणाच्या दृष्टीस न पडता. बाण कधी गवतात जायचा, कधी पाण्यात. आणि इथे तर दोन्ही बाजूंना पोरं उभी होती. एखाद्या लेकराच्या डोळ्याला बाण लागला तर?

मयुरी पाण्याची बाटली द्यायच्या निमित्ताने त्याच्याजवळ वाकली. घरात बोलतात तसं, हळू आवाजात म्हणाली, “पप्पा, अंगठा लाव ना. आठे कोण देखी ऱ्हायनं?”

“मी देखी ऱ्हायनू ना,” हिलाल म्हणाला.

तिने बाटली त्याच्याजवळ ठेवली. पण उठताना तिचे डोळे भरलेले त्याला दिसले, आणि त्याला स्वतःचाच राग आला. सुरतेत जन्मलेल्या, दिवसभर दुसऱ्यांच्या साड्या विकणाऱ्या या पोरीने बापासाठी कुणाकुणाच्या विनवण्या केल्या असतील. आणि हा बसलाय अंगठा जपत.

दुपार कलली. समोर पेंढ्याने भरलेलं पोतं उभं केलं होतं आणि त्यावर लाल कापडाचा मोठा तुकडा टाचला होता. मिलमधला कटपीस. तो हिलालनेच आणला होता. प्रफुल्लभाईंनी माइकवरून त्याचं नाव घेतलं तसे लोक उठून उभे राहिले. मोबाइल वर झाले.

हिलालने कामठीला दोरी चढवली. बाण लावला. सवयीने अंगठा तळव्यात जाऊन बसला आणि उरलेल्या दोन अशक्त बोटांनी त्याने दोरी ओढून पाहिली. ती जेमतेम हलली. मागे कुणीतरी हसलं. प्रफुल्लभाईंनी माइक खाली घेतला. मयुरीकडे बघायचं नाही असं ठरवूनही त्याने बघितलं. तिने ओढणीचं टोक तोंडात धरलं होतं.

त्याने अंगठा बाहेर काढला.

अंगठा आणि करंगळीशेजारचं बोट यांच्या चिमटीत बाण धरून त्याने दोरी कानापर्यंत ओढली. किती सहज आली ती. बाण सुटला आणि लाल कापडाच्या मधोमध रुतला.

टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. प्रफुल्लभाईंनी येऊन त्याला मिठीच मारली, पुढल्या आठवड्यापासून यायचं असं सर्वांसमोर सांगून टाकलं, आणि त्या बाणाशेजारी फोटो काढायचा म्हणून कॅमेरेवाल्याला हाका मारू लागले. मयुरी रडत होती आणि हसत होती. हिलाल मात्र अंगठ्यावर उमटलेल्या दोरीच्या वळाकडे बघत उभा होता. आपण काहीतरी विकून आलो आहोत, असं त्याला वाटत होतं.

सरावासाठी त्याने लहान लहान कामठ्या करून आणल्या होत्या. पोरांनी त्या केव्हाच पळवल्या होत्या आणि ती रांगेत उभी राहिली होती. हिलाल त्यांच्याकडे वळला आणि जागीच थांबला. एकूण एक पोराने बाण अंगठ्याच्या चिमटीत धरला होता. अगदी त्याच्यासारखा.

“असं नाही,” तो पहिल्या मुलीला म्हणाला. ती कोसाडहून आली होती, किरण तिचं नाव. “अंगठा लावायचा नाही.”

“पण काका, तुम्ही तर अंगठ्यानेच मारला,” किरण म्हणाली.

पोरीचं काही चुकलं नव्हतं. तिने जे पाहिलं तेच ती सांगत होती. हिलालने आपला हात तिच्यासमोर धरला. तिने तो घाबरत, पण नीट पाहिला.

“मला ती दोन बोटं नाहीत,” तो म्हणाला. “तुला आहेत.”

मग तो पोत्याकडे गेला. कॅमेरेवाला जागा घेऊन उभा होता, प्रफुल्लभाई केस सारखे करत होते. हिलालने बाण उपसला आणि ते लाल कापड पोत्यावरून ओढून काढलं. प्रफुल्लभाई अरे अरे करेपर्यंत त्याने दातात धरून त्याच्या पट्ट्या फाडायला सुरुवातही केली होती.

किरणचा अंगठा त्याने तळव्याशी बांधला. घट्ट नाही, पण सुटणारही नाही असा. मग पुढच्या पोराचा, मग त्याच्या पुढच्याचा. मयुरी शेजारी येऊन उभी राहिली आणि काही न विचारता पट्ट्या फाडून देऊ लागली. रांग संपली तेव्हा तिच्या हातात एक पट्टी उरली होती. तिच्या मधोमध बाणाचं भोक होतं.

ती त्याने मागून घेतली. स्वतःच्या अंगठ्याभोवती गुंडाळली, पण एका हाताने गाठ काही बसेना. दोनदा सुटली. तेव्हा मयुरीने त्याचा हात आपल्या हातात घेतला, अंगठा तळव्यात दुमडला आणि बांधून दिला.