उलायूचा नवरा

"एकदाच म्हण ना, आई," पुतुलिक म्हणाला. "कॅमेऱ्यापुरतं."

बर्फात पाडलेल्या भोकाशी उलायू गुडघे टेकून बसली होती. गळाची दोरी तिच्या बोटांत होती. समोर सहा वर्षांचा युआनासी, तिचा नातू, लाल झालेलं नाक बाहीला पुसत होता.

"काय म्हणू?"

"'बाळा' म्हण. हे 'अहो-जाहो' नको."

म्हातारीने दोरीला हलकासा झटका दिला. पुतुलिकने कॅमेऱ्याची काच पुसली. ती स्वच्छच होती.

उत्तरेच्या बर्फातल्या आमच्या कांगिर्सुक गावात पुतुलिक पाण्याचा टँकर चालवतो. घरोघरच्या टाक्या भरायच्या, बर्फातून नळी ओढत न्यायची, नळी गोठली की लोकांची बोलणी खायची, असं त्याचं आयुष्य. लघुपटासाठी दक्षिणेकडच्या एका संस्थेचं अनुदान त्याला मिळालं, तेव्हा गावाला चघळायला चांगला विषय मिळाला. "दिग्दर्शकसाहेब, शूटिंग झालं असेल तर आमच्या टाकीकडेही बघा," असं बायका दारातूनच ओरडायच्या. तो लाजायचा, पण मनातून खूश व्हायचा.

अर्जात त्याने लिहिलं होतं की, आई आणि माझा मुलगा मासे धरायला जातात त्याची ही गोष्ट. खरी गोष्ट त्याहून मोठी होती. पुतुलिकचे वडील, म्हणजे थोरले युआनासी, एका वसंतात गोठलेल्या समुद्रावरचा बर्फ फुटून गाडीसकट बुडाले. उलायू खिडकीशी बसून राहिली. जेवण सुटलं, बोलणं तुटलं. पुढच्या हिवाळ्यात पुतुलिकला मुलगा झाला आणि त्याला आजोबांचं नाव दिलं. आमच्यात नाव दिलं की माणूस परत येतो, आपल्या सगळ्या नात्यांसकट. उलायूने बाळाचं ते गाठोडं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "आलात? फार उशीर केलात." त्या दिवशी ती पोटभर जेवली.

तेव्हापासून ती पोराला 'अहो' म्हणते, तो तिला 'अगं' म्हणतो आणि स्वतःच्या बापाला खुशाल हुकूम सोडतो, "पोरा, माझे बूट कुठे टाकलेस?" पुतुलिकही "आणतो, बाबा" म्हणत बूट शोधायला उठतो. गावात कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

वाटलं ते मार्तिनबाईंना. संस्थेने नेमलेल्या या सल्लागार. पहिलं चित्रण पाहून त्यांनी फोन केला. "सुरेख झालंय. पण ही आजी नातवाला नवऱ्यासारखी हाक का मारते? प्रेक्षक गोंधळतील हो. आजी आणि नातू, एवढं सरळ ठेवता नाही का येणार?"

पुतुलिक समजावून सांगायला लागला. बाई हसल्या. बाई वाईट नव्हत्या, त्यांना ते गोड वाटलं म्हणून हसल्या. आणि पुतुलिकही हसला. "म्हाताऱ्या माणसांचं असतं काहीतरी," असं बोलून गेला. फोन ठेवला तेव्हा त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. अनुदान अडवण्याची भाषा कुणी केली नव्हती. त्याला फक्त त्या बाईंच्या नजरेत शहाणं ठरायचं होतं, आणि त्यासाठी त्याने आईला हसण्यावारी नेलं. ही गोष्ट त्याने बायकोलाही सांगितली नाही.

"तुझं काम होणार आहे ना त्याने?" बर्फातल्या भोकाशी बसलेल्या उलायूने आता विचारलं.

"हो."

"मग म्हणते. लाव तुझा कॅमेरा." ती पोराकडे वळली. "अहो, आपण जरा खेळ करू. मी आजी, तुम्ही नातू."

"मग मी तुला काय म्हणायचं?"

"आजी म्हणायचं."

पोराला मोठी गंमत वाटली. कॅमेरा सुरू झाला. "बाळा, दोरी हलव. हळू," उलायू म्हणाली. "हो, आजी," पोरगा म्हणाला. पहिल्याच फटक्यात दृश्य छान झालं. मग मासा लागला आणि पोरगा ओरडला, "अगं, बघ केवढा!" तेवढं पुतुलिकने नंतर कापून टाकलं.

लघुपट शाळेच्या सभागृहात दाखवला. सगळं गाव आलं होतं. पडद्यावर ओळखीचं कुणी दिसलं की आमचे लोक गप्प बसत नाहीत. कुणाचं नाक, कुणाची टोपी, कशाचीही टिंगल चालते. उलायू दिसल्यावरही हशा पिकला. मग ती पडद्यावरून म्हणाली, "बाळा, दोरी हलव," आणि सगळे एकदम गप्प झाले. पुढच्या रांगेत खरी उलायू मान खाली घालून बसली होती, चोरी पकडली गेल्यासारखी. शेवटी लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांसाठी वाजवतात तशा.

थोरल्या युआनासींची माता नावाची बहीण, जी या पोराला अजून 'दादा' म्हणते, ती वायरी गुंडाळणाऱ्या पुतुलिकपाशी आली.

"चित्रं चांगली काढलीस. माझा दादा मात्र कुठे दिसला नाही."

"आत्या, तिकडच्या लोकांना कळलं नसतं."

"आणि तुला?"

पुतुलिकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर बघायची हिंमत होईना, म्हणून तो गुंडाळलेली वायर सोडून पुन्हा गुंडाळू लागला.

तिकडे पोरगा हवेत होता. ज्याने त्याने त्याची पाठ थोपटली होती, पडद्यावरचा आपला आवाज त्याला फार आवडला होता. उलायू अंगरखा चढवत होती. तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला.

"आजी, घरी चल ना."

उलायूने वळून पाहिलं. पलीकडच्या बाकावर तिला आजी म्हणणारी तिच्या मुलीची मुलं बूट घालत होती. त्यांच्यातल्याच कुणीतरी हाक मारली असं तिला वाटलं. पण त्यांचं तिच्याकडे लक्षही नव्हतं. मग तिने खाली पाहिलं. युआनासी हात पुढे करून हसत होता.

तिने वाकून त्याच्या कोटाची चेन गळ्यापर्यंत लावली.

"चल, बाळा," ती म्हणाली.

पुतुलिकने ते ऐकलं. आता कुणी चित्रण करत नव्हतं.