शालीतला वास

दुकान खाली, घर वर. लोकरीचे कपडे विकणाऱ्यांचं घर, त्यामुळे पेटीत, कपाटात, गाठोड्यांत सगळीकडे डांबराच्या गोळ्या. आमच्या तरुणपणी हा वास टापटिपीचाच वाटायचा. गोळी झिजून नाहीशी झाली की बायका नवी टाकत. जुनी गेली कुठे, हा प्रश्न कुणाला पडत नसे.

त्या सकाळी सासूबाईंनी ट्रंक उघडली. लेक बाळ घेऊन दवाखान्यातून माहेरी येणार होती. घरातलं प्रत्येक तान्हं तिच्यातल्या एकाच पांढऱ्या शालीत गुंडाळलं जाई. शाल धुवायची नाही. धुतली तर वडीलधाऱ्यांच्या हाताचा आशीर्वाद धुऊन जातो, अशी समजूत.

"आई, निदान धुऊन उन्हात तरी घाला," सून दारातून म्हणाली. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, गोळीची हवा होते नि लोकरीत मुरते. काही तान्ह्यांच्या रक्ताला ती सोसत नाही. रक्तातल्या पेशी फुटतात, कावीळ मेंदूपर्यंत जाते. कुणाला सोसेल, ते नुसतं बघून कळत नाही."

"तू आत येऊ नकोस. स्वतःचं गेलं, म्हणून दुसरीचं बघवत नाही होय गं?"

आदल्या वर्षी सुनेचा मुलगा, लाडाचा ठोंब्या, याच शालीत पिवळा पडून गेला होता. डॉक्टरीणबाईंनी कारण सांगितलं ते तिला एकटीला. घरचे तेव्हा बाळाचा देह घेऊन पुढे गेले होते. तेव्हापासून ती पांढऱ्या पायाची ठरली. शेजारच्या काकू ती जिन्यात दिसली की कडेवरचं पोर पदराखाली घेत. नवरा म्हणे, "आईच्या तोंडी लागू नकोस."

लेक आली. शाल बाळाभोवती फिरू लागली.

"अगं आई, बाळ आहे की दुकानातला माल? किती गुंडाळशील!"

"गप. तूही यातच मोठी झालीस."

सुनेला मात्र बाळ दाखवलं नाही.

पुढे बाळ पिवळं दिसू लागलं. सासूबाईंनी शाल आणखी घट्ट केली. मग ते दूध ओढेना, मान टाकू लागलं. दुपारी सासूबाईंचा डोळा लागताच लेक बाळाला घेऊन स्वयंपाकघरात आली.

"वहिनी, तुझ्या बाळाचं असंच झालं होतं ना?"

सुनेनं शाल सोडून भिरकावली, बाळाला आपल्या जुन्या सुती साडीत घेतलं, आणि दोघी अनवाणीच खाली धावल्या.

बाळाचं रक्त बदलावं लागलं. ते वाचलं. पण कानांना कायमची इजा झाली. आईची हाक त्याला कधीच ऐकू येणार नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना सगळं समजावलं. त्या ऐकत राहिल्या. मग सुनेकडे वळून विचारलं, "आपला ठोंब्या?"

सुनेला खोटं बोलता आलं असतं.

"तोही, आई."

"मी झोपवताना त्याला नीट गुंडाळायचे गं," सासूबाई पुटपुटल्या. "पाय उघडे पडू नयेत म्हणून."

सुनेनं त्यांचा हात धरला नाही. तिथून उठूनही गेली नाही.

त्यानंतर सासूबाई दुकानात येणाऱ्या प्रत्येकीला विचारू लागल्या, "घरात तान्हं आहे का? मग लोकरीत डांबराची गोळी ठेवू नका. माझ्याच हातून माझा नातू गेला." काहीजणी ऐकत. काहीजणी म्हातारीला भ्रम झालाय म्हणून हसत. मुलगा चिडे, गिऱ्हाईक तुटतं म्हणे. त्या थांबल्या नाहीत.

मग शेजारच्या काकूंची सून बाळंत झाली. काकू बोलावायला आल्या.

"बाळ बघायला या हं. तुमचा हात त्याच्यावरून फिरू दे."

"आणि माझी सून?"

काकू चुळबुळल्या. "तसं नव्हे हो. पण आमचंही पहिलंच आहे. उगाच कशाला..."

"अहो, मूल माझ्या हातून गेलं. तिनं दुसरं वाचवलं. हे मी स्वतःच्या तोंडानं तुम्हाला सांगितलंय. तरी मी चालते आणि ती चालत नाही?"

आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. काकू उंबऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांना उत्तर सुचलं नाही.

बायांनो, तुम्हाला सुचतंय का?