चौथं काडतूस

रविवारच्या जेवणात सिग्नेने मूस हरणाच्या रश्श्यात पाव बुडवला आणि सांगून टाकलं, "बाबा, या सीझनला मी दुकानातली काडतुसं घेणार आहे."

ओरिन हाउगनचा चमचा हवेतच राहिला. कोडिएक बेटावरच्या स्प्रूस कोव्ह बंदरात त्याने चाळीस वर्षं मासेमारी बोटींची इंजिनं दुरुस्त केली होती. लोक त्याला हट्टी म्हणत, चिकट म्हणत, पण त्याच्या कामाला नाव ठेवायची कुणाची छाती झाली नव्हती. आणि आता पोटची पोरगी! तिने दुकानातून नवा बाप आणते म्हटलं असतं, तरी त्याला इतकं लागलं नसतं.

"काय खोट आहे माझ्या काडतुसांत?"

"परवा सरावात चौथं अडकलं. गोळी पुंगळीत आत रुतली होती. गेल्या वर्षीही हेच झालं होतं."

"एखाद्या वेळी होतं असं."

"अस्वलाला सांगू का तसं? थांब बाबा जरा, एखाद्या वेळी होतं असं?"

सिग्ने शहरातल्या हौशी फोटोवाल्यांना विमानाने नदीच्या मुखाशी घेऊन जायची. तिथे सॅल्मन मासे नदीत वर चढू लागले की तपकिरी अस्वलं जमत. फोटोवाल्यांच्या हातात कॅमेरे आणि तिच्या खांद्यावर रायफल. सहा वर्षांत रायफल झाडायची वेळ कधी आली नव्हती. पण ज्या दिवशी येईल त्या दिवशी ती अडकून चालणार नव्हती, हे ओरिनलाही कळत होतं. म्हणूनच तर ही काडतुसं तो स्वतः भरत असे. आयुष्यात पोरीच्या हाती द्यावं असं त्याच्याकडे तेवढंच एक होतं. बोटींची इंजिनं काय, तिला नकोच होती.

"मी एकोणीस वर्षं ओरडतोय," टेबलाच्या पलीकडून डीक प्रुइट म्हणाला. "ती तुझी डाय भंगारात घाल."

डीक टेक्सासहून क्रेन चालवायला आला आणि परत गेलाच नाही. दर रविवारी तो हाउगनांकडे जेवायचा. सुरुवातीला पाहुणा म्हणून येत असे, आता सवयीने येतो.

"तू रस्सा खा," ओरिन म्हणाला.

"खातोय की. पण त्याच्याने गोळी आवळली जात नाही."

या दोघांचा वाद आवळण्यावरूनच होता. काडतूस घरी भरायचं म्हणजे झाडलेली पितळी पुंगळी साफ करायची, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू मोजून घालायची, वर गोळी बसवायची आणि शेवटी पुंगळीचं तोंड गोळीभोवती आवळायचं. हे शेवटचं काम करणारा पोलादी साचा म्हणजे डाय. ओरिनची डाय पुंगळीची कड आत वळवून गोळीच्या खाचेत दुमडायची. डीकच्या डायला चार नखं होती, ती चारी बाजूंनी पुंगळीचा गळा धरत. या एकोणीस वर्षांत बंदरात लग्नं मोडली, बोटी बुडाल्या, पण हा वाद काही बुडाला नाही.

"हे बघा," सिग्ने म्हणाली, "माझं विमान शुक्रवारी सकाळी आहे. गुरुवारी दुपारी मी येते. चौथी गोळी हलली नाही असं दाखवा. तोंडी काही नको, आकडे दाखवा. नाहीतर मी दुकानात चालले."

आणि तिने आपली रायफल बापाच्या ताब्यात दिली.

सोमवारी ओरिनने शेडचं दार लावून घेतलं. बाकाला काडतुसं दाबायचा दांड्याचा प्रेस घट्ट बसवलेला होता. त्याने त्यात डाय चढवली आणि खणातून एक पुंगळी काढली. रुमालात गुंडाळलेली. सिग्नेच्या जन्माच्या आठवड्यात त्याने मुख्य भूमीवर जाऊन जो मूस मारला, त्या गोळीची ती पुंगळी. त्या मूसवर घराने अख्खा हिवाळा काढला होता. पुढे ती कधी भरली नाही, घासली नाही, कापली नाही. डाय किती खाली उतरवायची ते मात्र चौतीस वर्षं तो याच पुंगळीवर ठरवत आला होता. ही पुंगळी प्रेसमध्ये घातली आणि कड नेमकी वळली, की डाय तिथेच कुलूपबंद. मग बाकीच्या.

बारा काडतुसं त्याने आपल्या डायने आवळली. बारा डीकच्या डायने. ती डाय डीकने मखमली पिशवीत घालून आणून दिली होती आणि वर म्हणाला होता, "पाडू नकोस हं. हिला मऊ हातांची सवय आहे."

मंगळवारी दोघे खडीच्या खाणीत गेले. परीक्षा सोपी होती. सिग्नेच्या रायफलीत काडतुसं बॅरलखालच्या नळीत एकामागे एक झोपलेली असतात. पुढचं झाडलं की रायफल लाथ मारते आणि मागची एकमेकांवर आदळतात. ज्याची गोळी नीट आवळलेली नसते ती आत सरकते. तेव्हा चार भरायची, तीन झाडायची, चौथं काढून व्हर्निअरने मोजायचं. प्रत्येक डायची तीन वेळा फेरी. म्हणजे नऊ आणि नऊ, अठरा बार.

"अठरा?" ओरिन म्हणाला. "या तोफेचे? मग निम्मे तू झाड."

"मी झाडले असते," डीक छातीवर हात ठेवून म्हणाला. "पण एकोणनव्वद साली हासळीचं हाड..."

"तुझी हासळी डावी होती."

"दुखणं फिरतं रे या वयात."

शेवटी झाडले ओरिननेच. पहिल्या तीन बारांना तो म्हणाला, "एवढं काही नाही." सहाव्याला त्याने खांद्यावर टॉवेलची घडी घातली. नवव्याला टॉवेलवर डीकची टोपी. बाराव्या बारानंतर तो समुद्राकडे बघत उभा राहिला. अठरावा बार झाला तेव्हा खाणीच्या कडेवरचे कावळेसुद्धा उठले नाहीत. त्यांनाही सवय झाली होती.

मोजमाप झालं. डीकच्या डायची तिन्ही काडतुसं जशीच्या तशी. ओरिनच्या तिन्हींपैकी एक जागच्या जागी, दुसरं एकतीस थाऊ आत, तिसरं चव्वेचाळीस. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. माणसाला तो दिसत नाही, पण रायफलीला दिसतो.

डीकने आपली डाय मखमली पिशवीत घातली, पिशवीची नाडी ओढली, गाठ मारली आणि गाठीवरून बोट फिरवलं. बोलायचं ते त्याने बंदरावरच्या कॉफीच्या दुकानासाठी राखून ठेवलं होतं, आणि तासाभरात ते तिथे उधळलंही.

बुधवारी नाश्त्याला ओरिनच्या बायकोने, लोर्नाने, त्याच्यापुढे आंबवलेल्या पिठाचे पॅनकेक ठेवले.

"डाव्या हाताने का खातोयस?"

"असंच. बदल म्हणून."

"सत्तेचाळीस वर्षं मोजे बदलायला सांगितलं तर कुरकुर करतोस, आणि हात बदलतोस?" तिने त्याच्या उजव्या खांद्यावर बोटाने टिचकी मारली. ओरिनच्या तोंडून जो आवाज निघाला तो आठवड्याभराच्या सीलच्या पिल्लाने काढला असता तर लोर्नाने त्याला बाटलीने दूध पाजलं असतं. ओरिनला तिने गोठवलेल्या मटारांची पिशवी दिली.

"आता बंदुकीला हात लावशील तर बघ. कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे."

मटारांची पिशवी खांद्यावर घेऊन ओरिन शेडमध्ये जाऊन बसला. एक गोष्ट त्याला टोचत होती. डाय वाईट असती तर तिन्ही गोळ्या सरकायला हव्या होत्या. एक का नाही सरकली? इंजिन तीनातल्या दोन वेळा बंद पडलं तर दोष पंपात नसतो, जोडणीत असतो. त्याने कालच्या पुंगळ्या काढल्या आणि एकेकीची लांबी मोजून पाटीवर लिहिली. साऱ्या जवळपास सारख्या. झाडली की पुंगळी जरा लांबते, म्हणून कापून सारख्या केलेल्या, त्यानेच. जी गोळी हलली नव्हती तिची पुंगळी तेवढी जरा लांब, कापताना चुकून सुटलेली.

मग सहजच त्याने रुमालातली पुंगळी व्हर्निअरमध्ये धरली.

बारा थाऊ जास्त.

त्याने पुन्हा मोजली. मटार काढून ठेवले, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा मोजली. बाराच.

घोटाळा डोळ्यांपुढे उलगडला. ही पुंगळी लांब. हिच्या कडेपाशी डाय पोचली की तो डाय तिथेच थांबवत होता. बाकीच्या आखूड पुंगळ्यांपर्यंत ती पुरेशी उतरतच नव्हती, नुसती कड कुरवाळून परत जात होती. आणि इतकी वर्षं हे कळलं नाही, कारण त्याची जुनी रायफल, जी आधी सिग्ने वापरायची, ती एकबारी होती. तिच्यात एका वेळी एकच काडतूस, मागे आदळायला कुणी नाहीच. सिग्नेने ही नळीवाली लीव्हरची रायफल घेतली त्याला दोन वर्षं झाली होती. दोन वर्षं तो पोरीच्या हाती नुसती गोंजारलेली काडतुसं देत होता.

हे डीकला सांगावं लागणार, या विचाराने त्याच्या खांद्याची ठणकसुद्धा दबली. गप्प बसणं सोपं होतं. डीकची डाय वापरायची, काडतुसं चोख भरायची, पोरगी सुखरूप. वाद हरायचा, पण मूर्खपणा झाकलेला राहायचा. दहा मिनिटं तो हा सौदा उलटसुलट करून बघत बसला. मग त्याने डाय बारा थाऊ खाली उतरवली, बारा नवी काडतुसं आवळली आणि डीकला फोन लावला.

डीक आला तो हसतच. सगळं ऐकून घेतल्यावर त्याचं हसू मिशांच्या बाहेर आलं. "म्हणजे मूसने मरता मरता सूड घेतला म्हणायचा."

"हस. पण आता माझी डाय टिकते की नाही ते बघायला हवं. नऊ बार. माझा खांदा गेलाय."

"आणि माझी हासळी..."

"डीक," दारातून लोर्ना म्हणाली, तिच्या हातात कपाटाची किल्ली होती, "टेक्सासात सगळंच मोठं असतं म्हणतोस ना तू? भीतीसुद्धा?"

डीकने नऊ बार झाडले. दुसऱ्याला त्याची कवळी हलली. चौथ्यानंतर त्याने आईची आठवण काढली, सहाव्यानंतर बंदूक बनवणाऱ्याच्या आईची. नववा झाल्यावर तो खडीच्या ढिगावर बसला आणि म्हणाला, "मोज. आणि हलली नसेल तर मला सांगूच नकोस."

तिन्ही गोळ्या केसभरही हलल्या नव्हत्या. ओरिनने सांगितलं नाही. नुसतं व्हर्निअर त्याच्या नाकापुढे धरलं.

गुरुवारी दुपारी सिग्ने शेडमध्ये आली तेव्हा दोन म्हातारे बाकावर शेजारी शेजारी बसले होते, दोघांच्याही उजव्या खांद्यावर मटारांची एकेक पिशवी.

"काय झालंय तुम्हाला?"

"आकडे," ओरिन म्हणाला आणि त्याने पाटी पुढे सरकवली. मग घसा खाकरला. हे वाक्य त्याने सकाळपासून चार वेळा म्हणून पाहिलं होतं, आणि तरी ते वाकडंच निघालं. "दोष डायचा नव्हता. डीकचंही बरोबर नव्हतं. माझीच... तुझ्या मूसच्या पुंगळीवर मी मोजत होतो. ती कधी कापलीच नाही. दोन वर्षं तुला दिलेली काडतुसं ढिली होती. तुला काही झालं असतं तर ते माझ्यामुळे झालं असतं."

डीक मटार सावरत छताकडे बघू लागला.

सिग्ने बराच वेळ पाटी वाचत राहिली. "कळलं कसं?"

"तीनपैकी एक हलली नव्हती. म्हणून."

"आणि हे सांगायलाच हवं होतं असं नाही. डीककाकांची डाय वापरली असती तर मला कळलंही नसतं."

"नसतं कळलं."

"मीही त्याला तेच म्हणालो," डीक म्हणाला.

"तू असलं काही म्हणाला नाहीस," ओरिन म्हणाला.

सिग्नेने दुकानात जायला काढलेली गाडीची किल्ली खिशात टाकली, कोपऱ्यातलं उंच स्टूल ओढून प्रेसपुढे घेतलं आणि त्यावर बसली. ते ओरिनचं स्टूल होतं. तिच्या आईलाही त्यावर कधी बसायला मिळालं नव्हतं.

"दाखवा मला. चाळीस भरायची आहेत. हात माझा, बोलणं तुमचं. विचारीन तेवढंच."

"म्हणजे काडतुसं कुणाची?"

"माझी," ती म्हणाली. "बाकावर आहेत तोवर तुमची."

ओरिनने यावर थोडा विचार केला आणि हे आपल्याला चालण्यासारखं आहे असं ठरवलं. तो पहिली पुंगळी हातात देऊ लागला, तर तिने ती घेतली नाही. आधी व्हर्निअर मागितलं. पहिली पुंगळी तिने मोजली आणि डावीकडे ठेवली. दुसरी लांब निघाली, ती उजवीकडे, कापायला. तिसरी उजेडात धरून फिरवली, कडेवरून नख फिरवलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"अगं, ती चांगली आहे!"

"तोंडाशी चीर आहे."

"केसाएवढी! ती आणखी चार वेळा भरता येते!"

"बाबा, मी विचारलं का?"

चौथीही डब्यात गेली. सहावी गेली. ओरिनच्या चिकट जिवाचं पाणी पाणी झालं. डब्यात पितळ पडल्याचा प्रत्येक खणखणाट त्याला अठराव्या बारासारखा लागत होता. त्याने डीककडे पाहिलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं कशावर तरी एकमत झालेलं दिसत होतं.

"कुणावर गेलीय ही?" डीक कुजबुजला.

"तोंड मिट," ओरिन म्हणाला, "तिचा हिशोब चुकेल." आणि सातवी पुंगळी त्याने स्वतःच, न सांगता, चष्मा सरकवून उजेडात धरली.