डावा खांदा

नवरा जाऊन चार महिने झाले, तरी टेलरबाईच्या डोळ्यांतून टिपूस गळलं नव्हतं. नातेवाइकांनी आधी धीराची म्हणून कौतुक केलं, मग कुजबुज सुरू केली. लोकांचं काय, रडलं तरी बोलतात आणि नाही रडलं तरी बोलतात. पण आपल्याला काय झालंय, हे तिचं तिलाही कळत नव्हतं. परवा कोटाला अस्तर लावताना सुई बोटात खोल गेली, ते तिला कापडावर लाल ठिपका दिसल्यावर समजलं. त्याआधी एका वकिलाच्या कोटाला तिने उजवी बाही डावीकडे जोडली होती. दुकानाच्या मालकाने स्वतः तो कोट उसवायला घेतला. त्याची लाजसुद्धा तिला वाटली नाही.

नणंदेला मात्र हे फार लागत होतं. नणंद वयाने मोठी, तोंडाची फटकळ आणि धाकट्या भावावर 'बाळ, बाळ' म्हणत जीव ओवाळून टाकणारी. माझा भाऊ गेला आणि तुझ्या घशाखाली दोन्ही वेळचं जेवण उतरतं, असं ती एकदा बोलून गेली. टेलरबाई "हो" म्हणाली, कारण ते खरंच होतं. त्या "हो"ने नणंद हबकली. तिने कुठूनशी हाताच्या स्पर्शाने ऊर्जा देणाऱ्या उपचारांची माहिती काढली आणि रविवारच्या ओळखवर्गात दोघींची नावं घातली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे बुडणारी गप्प होती आणि काठावरचीच काडी शोधत धावत होती.

वर्ग होता दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. खाली कुणाची तरी दाढ कोरली जात होती आणि वर शांततेवर बोलणं चाललं होतं. शिकवणाऱ्या बाई पूर्वी नर्स होत्या, त्यामुळे बोलणं साधं आणि मुद्द्याचं. या पद्धतीत दुखरा गुडघा वेगळा आणि दुखरं मन वेगळं असं धरत नाहीत, सगळा माणूस एकच मानतात, असं त्यांनी सांगितलं. तळहात अंगावर नुसते ठेवायचे. दाबायचं नाही, चोळायचं नाही. आधी डोकं, मग खांदे, मग पोट, प्रत्येक जागी तीनेक मिनिटं. कुणाला ऊब जाणवते, कुणाला मुंग्या येतात, कुणी सरळ घोरायला लागतं. डॉक्टरांची गोळी मात्र कुणी बंद करायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. आणि काहीच जाणवलं नाही तरी काही बिघडत नाही, असंही त्या म्हणाल्या. चार महिन्यांत टेलरबाईला असं सांगणारं हे पहिलंच माणूस होतं.

आधी नणंदेने तिच्यावर हात ठेवले. हलकं म्हणून काही नणंदेला जमतच नाही. तिने झाकण लावावं तसे तळवे डोक्यावर दाबले आणि दर मिनिटाला विचारत राहिली, काही वाटतंय का. नाही. आता? नाही. पालथ्या घड्यावर पाणी, असं पुटपुटत तिने शेवटी हात काढले, तेव्हा तिचा चेहरा पडला होता. टेलरबाईला तिची दया आली नाही आणि रागही आला नाही.

मग जागा बदलल्या. नणंद पाठमोरी बसली, हिने डोक्यावरची तीन मिनिटं उरकली आणि खांद्यांवर हात ठेवले. मनात काही आणू नका, बाई म्हणाल्या. मनात काही नव्हतंच. पण हातांना रिकामं बसायची सवय नव्हती. तेवीस वर्षं जे करत आले तेच त्यांनी केलं. अंगठे मानेखाली टेकले, बोटं खांद्यांच्या टोकांपर्यंत सरकली आणि माप घेऊ लागली. उजव्या खांद्याचा उतार बरोबर होता. डाव्यापाशी बोटं थांबली. तिने पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

डावा अर्धा इंच खाली होता.

हा उतार तिच्या बोटांना पाठ होता. नवरा आधी गिऱ्हाईक म्हणूनच दुकानात आला होता. त्या पहिल्या कोटापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येकात तिने डावीकडे एक जादा पॅड घातलं होतं. वाकड्या माणसाला सरळ करून दिलंस, असं तो प्रत्येक कोट घालून बघताना म्हणायचा. तो गेल्यावर ती कपाट उघडून त्या कोटांवरून हात फिरवत बसली होती, पण त्यांत तो नव्हता. सगळे खांदे सरळ होते. तिनेच तसे केले होते.

बाईंनी हात पोटाकडे न्यायला सांगितलं. बाकीच्यांनी नेले.

"वहिनी, पुढे जायचंय," नणंद म्हणाली.

"थांबा ताई. तुमचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे."

"असेल. आता या वयात माझं माप घेऊन काय करणार आहेस?"

"त्यांचाही होता. अगदी एवढाच."

नणंदेने मान मागे वळवली.

"बाळचा?" मग तिने विचारलं. "मला कधी दिसला नाही गं."

"मी दिसू दिला नाही."

नणंदेचे खांदे हलायला लागले, आधी उजवा, मग डावा. शिकवणाऱ्या बाई जवळ आल्या, दोघींकडे पाहिलं आणि पुढे गेल्या. टेलरबाईला तो हवा होता. परवा सुई गेलेलं बोट आता सणकून ठणकायला लागलं होतं. तिने ते त्या खांद्यावरून उचललं नाही.