पोस्टरवरची ताई

चिमीच्या टेबलावर येणारी फाइल कधी शहाणी नसायची. डिझायनर मंडळी पडद्यावर दिसतं तेवढंच खरं मानून मोकळी होत. मग कुठे फॉन्टच जोडलेला नसे, तर कुठे अक्षरं कडेला इतकी चिकटलेली असत की कटर फिरला की त्यांची मुंडकी उडालीच म्हणून समजा. ही सगळी डागडुजी करायची, पडद्यावरचे रंग छपाईच्या चार शायांत बसवायचे आणि मगच प्लेट काढायची, हे चिमीचं काम. घरचं टोपणनाव छापखान्यातही चिकटलं होतं, आणि तिने ते कधी झटकलं नाही.

त्या सकाळी पोहण्याच्या क्लबचं पोस्टर आलं. फाइल उघडली आणि ती हसलीच. कमरेएवढ्या निळ्या पाण्यात, गळ्यात शिट्टी घालून, हात उंचावून उभी होती तिची सख्खी ताई! क्लबात लहान मुलांना पोहायला तीच शिकवायची.

मग चिमीने फोटो मोठा केला आणि हसू ओठांवरच राहिलं. ताईच्या चेहऱ्यावर कोडाचा एकही डाग नव्हता.

ताईला कोड फुटलं ते कॉलेजात असताना. आधी ओठांच्या कोपऱ्यात, मग डोळ्यांभोवती, मग दोन्ही हातांवर. आत्याने लेप सुचवले, मामीने पूर्ण बाह्या. ताईने काही वर्षं मुकाट ऐकलं. मग एक दिवस सगळ्यांना झुगारून तलावात उतरली, ती पाण्याचीच होऊन गेली.

फाइलमध्ये फोटोखाली मूळ फोटो तसाच लपवून ठेवलेला होता. चिमीने तो उघडून पाहिला आणि फोन उचलला.

"ताई, पोस्टरवर तुझा फोटो येतोय, माहितेय?"

"हो, सांगितलंय त्यांनी. कसा आलाय?"

"गुळगुळीत."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्यासारखा नाही."

मग ताई म्हणाली, "आलेच मी."

मालकांच्या कानावर गोष्ट जाताच ते हातातला चहा तसाच ठेवून आले. "चिमे, आपण छापणारी माणसं. गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व दिशा."

"चेहरा त्या बाईचा आहे, मालक. तिने हो म्हटल्याशिवाय मी प्लेट काढणार नाही. दुसऱ्या कुणाला बसवायचं तर बसवा या खुर्चीत."

मालकांनी इकडेतिकडे पाहिलं. मशीनमन छताकडे बघत होता. मालकांनी मुकाट्याने क्लबच्या मॅनेजरला फोन लावला.

ताई आली ती ओल्या केसांनीच. मागोमाग मॅनेजर आले, आणि पोस्टर बघून ताई काही बोलायच्या आत त्यांनीच सुरुवात केली.

"मॅडम, तुमच्या भल्यासाठीच केलं हो. नवीन पालक बिचकतात. आणि बघणाऱ्याला वाटायचं, छपाईच बिघडलीय."

"मग खाली ठळक अक्षरांत लिहा ना, 'छपाईत चूक नाही, बाईच अशी आहे.'"

मशीनमन फिस्सकन हसला.

"तुम्ही उगाच मनाला लावून घेताय."

"मनाला नाही, चेहऱ्याला लागलंय. पोरं रोज हा हात घट्ट धरून पाण्यात उतरतात. पोरांना चालतो तो हात भिंतीवर का चालत नाही?" ताईचा आवाज चढला नव्हता, पण सगळा छापखाना ऐकत होता. "माझा फोटो लावायचा तर माझा लावा. नाहीतर रिकाम्या तलावाचा लावा, तोही देखणा आहे. पण माझ्या जागी दुसरीच बाई खपवायची नाही. खपवलीत, तर उद्यापासून शिकवायलाही तिलाच बोलवा."

मॅनेजरांनी कपाळ पुसलं. लहान मुलांच्या वर्गाला दुसरं कोणी तयार नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! "बरं. मूळ फोटोच छापा. पण कुणी काही बोललं, तर मला सांगायला येऊ नका."

"मी कशाला येईन? बोलणाऱ्यालाच माझ्याकडे पाठवा."

मॅनेजर गेले. चिमीने मूळ फोटो वर घेतला, रंग बसवले आणि प्रूफ काढून ताईपुढे ठेवलं. ताई बराच वेळ बघत राहिली.

"ओठाजवळचा डाग फिका झालाय. हे यंत्राने केलं की तू?"

"छपाईत कडा जरा जास्तच उठून दिसतात, म्हणून…"

"चिमे."

"लोक टक लावून बघतील गं. मला नाही ते बघवत."

"माहितेय मला. लहानपणी माझ्यापायी अख्ख्या गल्लीशी भांडलीस तू. पण त्यांनी सगळं पुसलं, तू थोडंसं पुसलंस. पुसलं ते पुसलंच."

चिमीला राग आला, आणि तो स्वतःचाच होता. तिने केलेला फेरफार काढून टाकला. मग म्हणाली, "हात इकडे दे." ताईचा हात तिने दिव्याखाली, प्रूफच्या शेजारी ठेवला. डागाची कातडी कागदासारखी कोरी नव्हती, तिच्यात किंचित गुलाबी झाक होती. ती झाक हुबेहूब उतरेपर्यंत चिमीने पुन्हा पुन्हा प्रूफ काढलं. ताईने मान हलवली, तेव्हा कुठे प्लेट निघाली.

मशीन धडधडायला लागलं. मशीनमनने पहिलं नीट उतरलेलं पोस्टर उचललं, प्रूफशी ताडून पाहिलं आणि ताईच्या हातात दिलं. "गुंडाळू नका हं, शाई ओली आहे."

क्लब रस्त्याच्या पलीकडे, दोन चौक सोडून होता. एका टोकाला ताईने धरलं, दुसऱ्याला चिमीने, आणि दोघी भर दुपारी पोस्टर उघडं धरून चालू लागल्या. समोरून येणारा माणूस थांबला. पोस्टरकडे बघितलं, ताईकडे बघितलं, पुन्हा पोस्टरकडे. चिमीचा हात आपसूक खाली आला.

"वर धर," ताई म्हणाली.

चिमीने वर धरलं, आणि त्या माणसाकडे असं रोखून पाहिलं की त्यानेच बाजूला होऊन वाट दिली.