अर्क नसलेली तबकडी

तिनं तबकडी सूक्ष्मदर्शकाखालून काढली, भिंग पुसलं आणि तबकडी पुन्हा आत सरकवली. भिंग स्वच्छच होतं. गुलाबी द्रवात पेशी गोल होऊन, सुट्या होऊन तरंगत होत्या. जिवंत पेशी बुडाला चिकटून बसतात, हातपाय पसरतात. ह्या मेल्या होत्या. आणि ह्या तबकडीत डाळिंबाच्या सालीच्या अर्काचा एक थेंबही नव्हता.

सालीतलं ते द्रव्य पाण्यात नीट विरघळत नसे. ते आधी एका जहाल द्रवात विरघळवायचं आणि मग कर्करोगाच्या पेशींवर सोडायचं. पेशी मारण्यात त्या द्रवाचाच हात नाही ना, हे ताडून पाहायला शेजारी आणखी एक तबकडी ठेवायची, नुसता द्रव घातलेली. ती तिनं प्रत्येक वेळी ठेवली होती. फक्त अर्क वाढवत नेला तसा त्याच्याबरोबर द्रवही वाढत गेला, आणि शेजारच्या तबकडीत मात्र पहिल्या दिवशी ठरला होता तेवढाच थेंब पडत राहिला. नवशिक्यानंही करू नये अशी चूक. पण हाताला सवय लागली की डोळे सुट्टीवर जातात, त्याला काय करणार. ह्या खेपेला तिनं दोन्हीकडे द्रव सारखा घातला, आणि दोन्हीकडच्या पेशी सारख्याच मेल्या.

प्रयोगशाळेचे प्रमुख बराच वेळ डोळा लावून पाहत राहिले.

"छापायला पाठवलं नव्हतं, हे नशीब," ते म्हणाले. "बाहेर कुठं बोलला नाहीत ना?"

"नाही."

बाहेर ती बोलली नव्हतीच. बोलली होती ती घरी.

धाकट्या भावाचं पहिलं औषध तेव्हा नुकतंच निकामी ठरलं होतं. डॉक्टरांनी दुसरं सुचवलं होतं. कडक होतं, त्यानं आजार बरा होणार नव्हता, पण काही महिने मिळाले असते, नशीब जोरावर असतं तर वर्षही. त्याच संध्याकाळी जेवताना तिच्या तोंडून निघून गेलं की सालीच्या अर्कानं तबकडी साफ होते आहे. धाकट्यानं हातातला घास खाली ठेवला.

"पेशी माझ्याच आजाराच्या ना?"

"त्याच. पण अरे, तबकडी म्हणजे शरीर नव्हे. पोटात गेलं की आतडी त्याचं काय करतील, यकृत काय करेल, रक्तात कितीसं उतरेल..."

सांगायचं ते सगळं तिनं सांगितलं होतं. पण सांगताना तिचा चेहरा उजळला होता, आणि घरची माणसं शब्दांपेक्षा चेहऱ्याकडे बघतात. दुसऱ्या दिवसापासून आई कोपऱ्यावरच्या रसवाल्याकडून साली मागून आणू लागली. गॅलरीत वर्तमानपत्रावर वाळवायच्या, कुटायच्या, उकळायच्या. दुसरं औषध मग 'जरा थांबू'वर गेलं.

धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. काढ्यावरून त्याची थट्टा चालूच असे. "आयुष्यभर लोकांना वर पोचवलं," तो म्हणे, "आणि मला मात्र आई ह्या कपानं खाली धरून ठेवतेय." आईच्या हातांना काम हवं म्हणून बिचारा ते तुरट पाणी घशाखाली ढकलतो, असं सगळे समजत होते. तीही तसंच समजत होती. त्या समजुतीवर तिला झोप तरी लागत होती.

ती घरी पोचली तेव्हा धाकटा खिडकीशी पलंगावर टेकून बसला होता. पोट फुगलेलं, मनगटं मात्र काडीसारखी. आई आत भांड्यांशी होती. उद्याच्या उद्या ह्याला घेऊन दवाखान्यात जायचं, दुसरं औषध द्या म्हणून डॉक्टरांचे पाय धरायचे, हे तिनं वाटेत ठरवलं होतं. त्यासाठी आधी खरं सांगायला हवं होतं.

"सालीत काही नाही रे," ती म्हणाली. "माझी चूक झाली. पेशी मारत होता तो दुसराच द्रव, सालीतलं द्रव्य विरघळवायचा. नुसता तो द्रव घातलेल्या तबकडीतही तेच झालं. उद्या आपण दवाखान्यात जाऊ."

त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"जिच्यात साल नव्हती, तिच्यातल्याही मेल्या?"

"हो."

"सगळ्या?"

"सगळ्या. उद्या सकाळीच निघू. मी रजा टाकलीय."

"दवाखान्यात महिने मिळतात, ताई," तो म्हणाला. "तुझ्याकडे साफ होत होतं."

आता तो काहीतरी वेडंवाकडं बोलेल, तिला रडता रडता हसवेल, ह्याची ती वाट पाहत राहिली. लहानपणापासून असंच होत आलं होतं. घर अंगावर कोसळलं तरी ह्यानं आधी विटेवर विनोद केला असता. तो कोपरावर जोर देऊन जरा वर सरकला. त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मग तो द्रवच थोडा आणता येईल का गं?"

तिनं त्याच्या डोळ्यांत हसू शोधलं. तिथं हसू नव्हतं. इतके दिवस थट्टेआड हा काय धरून बसला होता ते तिला आत्ता दिसलं.

"अरे, त्यानं काहीही मरतं. चांगल्या पेशीसुद्धा. ते विष आहे."

"थोडासाच," तो म्हणाला. "तू मापून दे. तुला माप कळतं."

त्यानं तिचं मनगट धरलं होतं. आई काढ्याचा कप घेऊन दारात आली, तरी त्यानं ते सोडलं नाही.